टाकाचं वजन

१

पान फाडलेलं नव्हतं, कापलेलं होतं.

फाडलेल्या कागदाच्या कडेला तंतू उभे राहतात. इथं एकही तंतू नव्हता. सैन्यातून सुटताना मिळणाऱ्या डिस्चार्ज बुकाच्या शिवणीजवळ कुणीतरी पट्टी धरून, ब्लेड ओढून, अगदी शिस्तीत एक पान काढून घेतलं होतं. बारा क्रमांकानंतर एकदम पंधरा.

"मेडलं लिहित्यात ते हेच पान," टेबलापलीकडून बद्रीनाथ म्हणाला. शेंद्र्याच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून तो तसाच निळ्या शर्टात मुकुंदवाडीला आला होता. "आन् ताई, माझा वहीम आप्पासाहेबावर हाय."

माजी सैनिकांच्या या मदत केंद्रात प्रांजली कंत्राटावर लागली, त्याला सात महिने झाले होते. न्यायसहायक विज्ञानात एम.एस्सी. करून ती अर्ज टाइप करत बसली होती. कापलेलं पान हा तिच्या शिक्षणाला साजेसा पहिलाच कागद.

प्रकरण असं होतं. बद्रीनाथचे वडील मुंजाबा एकाहत्तरच्या लढाईतले शिपाई. आता यकृताचा कर्करोग, डॉक्टरांनी पंधरा दिवस सांगितलेले. इस्पितळासाठी कागद शोधताना बद्रीनाथला ट्रंकेच्या तळाशी एक फोटो सापडला. गुलमंडीतल्या स्टुडिओचा शिक्का, साल १९७२. वर्दीतला मुंजाबा, आणि छातीवर शौर्यपदकाची फीत. पण पदक मुंजाबाला नव्हे, रामहरीला मिळालं, हे उभ्या वाडीला ठाऊक होतं. वाडीतलाच रामहरी त्याच लढाईत गेला. पुतण्या आप्पासाहेबाच्या पुढाकारानं त्याच्या नावाची कमान वाडीच्या फाट्यावर उभी राहत होती आणि सव्वीस जानेवारीला तिचं उद्घाटन होतं.

बद्रीनाथनं वडिलांना न विचारता नोंद दुरुस्तीचा अर्ज केला. रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं: 'त्या वर्षीच्या छापील यादीत सैन्य क्रमांक मुंजाबा यांचा आहे, नाव मात्र रामहरी यांचे आहे. तरी मूळ पदक, ज्याच्या कडेवर धारकाचे नाव व क्रमांक कोरलेला असतो, किंवा डिस्चार्ज बुकातील मूळ पान एकतीस जानेवारीपूर्वी सादर करावे. अन्यथा प्रकरण बंद करण्यात येईल.'

"आबा जाईस्तोवर तेवढी एक ओळ कागदावर पाह्यजे," बद्रीनाथ म्हणाला. "मंग काय बी होऊ."

प्रांजलीनं खिडकी लावून घेतली आणि मोबाइलची बत्ती कागदाला लावून अगदी आडवी धरली. पंधराव्या पानावर दोन गोष्टी दिसल्या. पहिली, कापलेल्या पानाची जी अरुंद पट्टी शिवणीत उरली होती, तिची केसाएवढी तपकिरी रेघ समोरच्या कागदावर उमटली होती. दुसरी, पेनाच्या दाबानं उठलेले आकडे. शेवटचे चार होते ४४१७, आणि खाली १९७२.

"आबांचा नंबर?"

"चव्वेचाळीस सतरा. रामहरीकाकाचा अठरा. एकाच दिवशी, एकाच रांगेत भरती झाले."

"म्हणजे पदकाची नोंद आबांच्याच नावानं होती. पण हे दाबाचे आकडे तिकडं कुणी मानणार नाही." तिनं ती तपकिरी रेघ दाखवली. "आणि ही रेघ काही एका वर्षात उमटत नाही, चाळीसेक वर्षं लागतात. पान कापलं तेव्हा पुस्तक नवंकोरं होतं. आबा सुटून आले कधी?"

"चौऱ्याऐंशी."

"तेव्हा आप्पासाहेब कुठं होते?"

बद्रीनाथनं मनात हिशेब घातला. "आसामात, पलटणीत. तीन वर्षं फिरकला नव्हता."

"आणि हे पुस्तक?"

"आबाच्या ट्रंकेत. किल्ली आबाच्या करदोड्याला..."

तो मध्येच थांबला. कुणी कापलं हे दोघांनाही कळलं होतं. स्वतःचाच सन्मान माणूस पट्टी धरून का कापतो, ते कळत नव्हतं.

२

फाट्यावर कमानीला प्लास्टर चाललं होतं. निवृत्त हवालदार आप्पासाहेब, रामहरीचा पुतण्या, खुर्ची टाकून गवंड्यांवर देखरेख करत होता.

"या बद्रीनाथ! आता चौकशीला मॅडम आणल्या व्हय? बाप तिकडं शेवटच्या घटका मोजतोय आन् तू कागदं हुंगत फिरतोय."

"बापाचंच काम हाय."

"मॅडम, सांगा याला." आप्पासाहेबनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "मुंजाबाकाका देवमाणूस. पण मेडल म्हणजे काय जत्रंतला बिल्ला हाय का, चुकून याच्या ऐवजी त्याला लागायला? पेपरात छापून आलंय. कात्रण फ्रेम करून ठेवलंय आम्ही."

"कात्रणात नंबर आहे का?" प्रांजलीनं विचारलं.

"नंबर कोण वाचतंय? नाव वाचत्यात." तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "मी दहा वर्षांचा व्हतो. मुंजाबाकाका सुट्टीवर आला, पारावर बसून त्यानं सगळ्यांला सांगितलं, रामहरी सुरुंगाच्या रानात कसा शिरला, जखमी माणसं कशी उचलून आणली. शब्द न् शब्द पाठ हाय मला. मी भरती झालो ते ती गोष्ट आइकून. आता ती बी तुमचीच म्हणता का?"

प्रांजलीनं विचारलं, "आणि पदक? ते कुणाकडं आहे? कडेवर नाव असतं. बघितलं की वादच मिटला."

"मेडल पाह्यचंय?" आप्पासाहेबनं वाडीकडं हात केला. "मेडल तर रोज आंघोळ करतंय. जा, सुगंधाकाकूच्या देव्हाऱ्यात बसलंय."

३

अकाली गेलेला माणूस भटकू नये म्हणून त्याला घरात बसवतात. चांदीच्या पातळ पत्र्यावर घोड्यावरचा स्वार उठवायचा, देवांच्या रांगेत ठेवायचा आणि रोज पाणी घालायचं. त्याला टाक म्हणतात. रामहरीचा देह वाडीला आलाच नव्हता. सुगंधाबाईसाठी जे काही होतं ते या टाकात.

एकाहत्तर वर्षांची ती काटक बाई देव्हाऱ्यापुढं मांडी घालून बसली होती. मागच्या गोठ्यात तिच्या चार शेळ्या ओरडत होत्या.

"मुंजाबा भावजींनी पलटणीतून मेडल आणून दिलं, तवा सासू म्हणली, याच चांदीचा माझा रामहरी करा. भावजीच घेऊन गेले सोनाराकडं. दोन दिवस त्याच्या दुकानातून हालले नाहीत म्हणं." तिनं ताम्हणातला टाक पुसून तांदळावर ठेवला. "बघ की माय, कसा काळा पडलाय. माझा नवरा एवढा काळा नव्हता बरं."

प्रांजलीला हसू आलं. "कशानं पडला काळा?"

"उजळला नाही औंदा. दसऱ्याच्या आधी भावजी येत्यात, फडक्यात बांधून शहरात नेत्यात, उजळून आणत्यात. पलटणीत व्हते तवा बी सुट्टी काढून यायचे, एक साल चुकलं नाही. आप्पासाहेब म्हणतो, काकू, करमाडला सोनार हाय की. पण भावजी त्याला हात लावू देत नाहीत. औंदा तेच पडले अंथरुणाला."

करमाड हाकेच्या अंतरावर, शहरातला सराफा चांगला वीस किलोमीटर. दुसऱ्याच्या घरचा देव घेऊन एक माणूस चोपन्न वर्षं एकाच दुकानात का जातो? प्रांजलीच्या डोक्यात हा प्रश्न कापलेल्या पानाच्या शेजारी जाऊन बसला.

"तुमचं लग्न कधीचं?"

"एकाहत्तरच्या वैशाखातलं. सात महिन्यांचा संसार, त्यातले ते घरी वीस दिवस. फोटो हाय, पण टोपीच्या सावलीत तोंडच दिसत नाही." सुगंधाबाईनं टाकावरून अंगठा फिरवला. स्वाराचे नाकडोळे कधीच झिजून गेले होते. "आता मला तोंड आठवायचं म्हणलं का हेच आठवतं."

मग तिनं टाक फडक्यात बांधला. "बद्रीनाथ, तू शहरात जातोस ना? भावजींच्याच सोनाराकडं दे. कमानीच्या दिवशी लख्ख दिसला पाह्यजे."

बद्रीनाथचे हात पुढं येईनात. प्रांजलीनं पुरचुंडी घेतली, आणि तिचा तळहात नकळत खाली गेला.

कागदासारख्या पत्र्याला एवढं वजन नसतं.

४

सराफ्यातलं सोनार काकासाहेबांचं दुकान म्हणजे एक गादी, एक काटा आणि भिंतीवर वडिलांचा फोटो. त्यांनी फडकं सोडलं आणि लगेच ओळखलं.

"मुंजाबाचा टाक! तो कसा नाही आला?"

"आजारी आहेत," प्रांजली म्हणाली. "जरा काट्यावर ठेवता?"

काट्यानं त्रेचाळीस ग्रॅम दाखवले. तिनं टाक आडवा करून कड पाहिली. पत्रा पोस्टकार्डापेक्षा पातळ. त्याच्या मागं लाखेचा काळा थर, मध्यभागी फुगलेला.

"काका, एवढ्याशा पत्र्याला चांदी किती लागते?"

"सात ग्रॅम. फार तर आठ."

"आणि ही लाख?"

"असेल चार-पाच." काकासाहेबांनी चष्मा वर केला. "तुम्ही सोनाराच्या घरातल्या का?"

"नाही, प्रयोगशाळेतली आहे." तिनं बिलाच्या मागं आकडे मांडले. तेरा वजा केले तरी तीस ग्रॅम उरत होते. त्या काळच्या पदकाची मापं तिनं सकाळीच काढून ठेवली होती: व्यास पस्तीस मिलिमीटर, जाडी सुमारे तीन, धातू चांदी. गुणाकार तीस ग्रॅमच्या आसपास येत होता. तिनं टाक उलटा करून लाखेचा फुगवटा पट्टीनं मोजला. गोल होता. अडतीस मिलिमीटर.

"हे पदक वितळवलेलं नाही," ती हळूच म्हणाली. "अख्खं आत बसवलंय."

बद्रीनाथनं वाकून तो फुगवटा पाहिला.

काकासाहेबांनी वडिलांच्या फोटोकडं पाहिलं. "वडील जाताना तीन गोष्टी सांगून गेले. त्यातली एक ही. मुंजाबाचा टाक रिठ्याच्या पाण्यानं धुवायचा, त्याला आच लावायची नाही. आचेनं लाख सुटते. कारण त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही."

"आता लावा आच," बद्रीनाथ म्हणाला. "कडेवर माझ्या बापाचं नाव हाय. काढा ते भाईर."

काकासाहेबांनी प्रांजलीकडं पाहिलं. पाच मिनिटांचं काम होतं. लाख मऊ पडली असती, पदक निसटलं असतं, कडेचा एक फोटो निघाला असता आणि प्रकरण सुटलं असतं. पण मऊ लाखेतून तीस ग्रॅम ओढताना तो झिजलेला पत्रा शाबूत राहिला नसता. आणि 'का' अजून बाकीच होतं.

"आधी आबांना विचारू," ती म्हणाली.

५

इस्पितळात मुंजाबा कुशीवर, भिंतीकडं तोंड करून पडला होता. अर्जाची गोष्ट कानावर गेल्यापासून तो असाच पडून होता. प्रांजली स्टूल ओढून बसली.

"आबा, मी सांगते, चुकलं तर थांबवा. पान तुम्हीच कापलं, कारण किल्ली तुमच्याकडं होती आणि पुस्तक नवं होतं. पदक टाकात आहे. दुसऱ्या सोनारानं आच लावली असती तर ते उघडं पडलं असतं, म्हणून दर वर्षी तुम्हीच नेलंत. त्याच्या कडेवर रामहरींचं नाव असतं तर लपवायची गरजच नव्हती. तिथं तुमचं नाव आहे."

तिनं स्टूल आणखी जवळ ओढलं.

"छापील यादीत चूक झाली. सतरा आणि अठरा, पलटणीच्या पटावर लागोपाठ; कारकुनानं एका ओळीतला नंबर घेतला आणि दुसऱ्या ओळीतलं नाव. पलटणीनं नंतर पदकावर बरोबर नाव कोरलं. पण तोवर पेपर वाडीत पोचला होता. इथवर मला कळलं. पुढचं नाही."

तसा मुंजाबा वळला. डोळे पिवळेजर्द झाले होते.

"लई हुशार हाय ही पोरगी," तो मुलाला म्हणाला. "हिला पगार किती देत्यात?"

"आबा, सांगा."

"रामहरी पळाला." त्यानं श्वास घेतला. "एकोणीस वर्षांचं पोर. गोळे पडायला लागले तसा खंदक सोडून मागं पळाला, ते सरळ आपल्याच सुरुंगात. बायकोला हाका मारत व्हता. मला आइकू येत व्हतं. म्या आणाया गेलो त्याला. वाटेत दुसरे दोघं पडले व्हते, ते आधी घावले, ते आणले. तिसऱ्या खेपेला हा घावला. तवर सरला व्हता."

"आणि साहेबांनी ते पाहिलं."

"त्यांनी तीन खेपा पाह्यल्या. म्या कुणासाठी गेलो ते कुणाला ठाव? हा कसा मेला ते बी कुणी विचारलं नाही." थोडं थांबून तो म्हणाला, "सुट्टीवर आलो तर फाट्यावर ताशे वाजत व्हते. त्याच्या मायनं कात्रणाला हार घातला व्हता. सांगणार व्हतो म्या. ती म्हणली, मुंजाबा, तू व्हतास ना तिथं, सांग सगळ्यांला माझा रामहरी कसा लढला. मंग सांगितलं. माझंच, त्याच्या नावानं सांगितलं."

बाहेर ट्रॉली खडखडत गेली.

"आन् मी?" बद्रीनाथ पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. "शाळंत पोरं म्हणायची, रामहरी लढला, मुंजाबा दडला. पोळ्याच्या दिवशी तुमच्या तोंडासमोर म्हणले. मी डोकं फोडून घेतलं त्यांच्याशी. तुम्ही बैलाच्या शिंगाला रंग लावत व्हता. आइकलं नव्हतं का?"

"आइकलं व्हतं."

"मंग?"

मुंजाबानं सलाइनच्या बाटलीकडं नजर वळवली.

"उघडायचं तर उघड," शेवटी तो म्हणाला. "पर मी हाय तवर नको."

६

चोवीस तारखेला दुपारी मुंजाबा गेला.

अंत्यविधीला माजी सैनिक संघटनेतर्फे आप्पासाहेबनं पुष्पचक्र आणलं. चार शब्दही बोलला. डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं. "शहीद रामहरींचा शेवटचा सोबती गेला," असं तो म्हणाला. बद्रीनाथ हातात मडकं घेऊन उभा होता. त्यानं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं सराफ्यात आले. आता कुणाची अट उरली नव्हती. काकासाहेबांनी न विचारता टाक पुढं ठेवला, एका बाजूला आच द्यायची बत्ती आणि दुसऱ्या बाजूला रिठे भिजवलेली वाटी. सुतकात असल्यामुळं बद्रीनाथ दुकानाच्या पायरीखालीच उभा राहिला.

"तुमचा हक्क आहे, बद्रीनाथकाका," प्रांजली म्हणाली. "एकतीसला अजून सहा दिवस आहेत. पुरावा खरा आहे. मी स्वतः अहवाल लिहीन."

"मेडल निघालं का टाक मोडतो, नाही का?"

"हो."

"नवा करता येईल?"

"पत्रा नवा येईल," काकासाहेब म्हणाले. "चेहरा नवा येईल."

बद्रीनाथ रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. एक हातगाडी गेली, मग एक रिक्षा. प्रांजलीला वाटलं, त्यानं 'उघडा' म्हणावं. सात महिन्यांत तिनं एवढीच एक गोष्ट सिद्ध केली होती. त्यानं 'नको' म्हणावं असंही तिला वाटत होतं, आणि यातलं बरोबर कोणतं हे ठरवायला तिच्याकडं काटा नव्हता.

"रिठ्याचंच पाणी घाला," रस्त्याकडं बघतच तो म्हणाला.

केंद्रात येऊन तिनं रेकॉर्ड ऑफिसचा नमुना भरला. 'मूळ पान: उपलब्ध नाही.' हे खरं होतं. 'मूळ पदक:' इथं तिचं पेन बराच वेळ अडलं. मग तिनं तिथंही तेच दोन शब्द लिहिले आणि खाली सही केली. सही नेहमीपेक्षा लहान आली.

संध्याकाळी वाडीवर कमानीच्या पताका लागल्या होत्या. प्रांजली टाक घेऊन आत गेली. सुतकामुळं बद्रीनाथ अंगणातच थांबला.

सुगंधाबाईनं फडकं सोडलं. स्वार लख्ख चमकत होता, बिनचेहऱ्याचा. तिनं त्याला ताम्हणात ठेवून पाणी घातलं, पुसलं, तांदळावर बसवलं.

"भावजी गेले," ती म्हणाली. "आता याला कोण नेणार? आप्पासाहेब म्हणतो, काकू, मी नेतो करमाडला. तिथला सोनार मशीनवर करतो म्हणं, आच देऊन, धा मिनिटात."

प्रांजलीनं अंगणाकडं पाहिलं. बोलायचा हक्क तिचा नव्हता.

अंगणात बद्रीनाथनं एकदा कमानीकडं पाहिलं. मग तो उंबऱ्यापर्यंत आला आणि बाहेरच थांबला.

"त्याला नका देऊ, काकू," तो म्हणाला. "दरसाली म्या नेईन. सुतक फिटू द्या."